अनुभव धागा : अँटिव्हायरसचे अपडेट ऐन कामात आडवे येऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

मराठवाड्यात रोज संगणकावर काम करणाऱ्यांसाठी हा धागा उघडत आहे. कोणते अँटिव्हायरस चांगले हा वाद येथे नको. आपल्या कामाच्या वेळा, विजेचे येणे-जाणे आणि इंटरनेटचा वेग सांभाळून प्रत्येकाने अपडेटची सोय कशी लावून घेतली आहे, ते सविस्तर लिहावे. “अपडेट आले आणि संगणक अडकला” असे आपण सरसकट म्हणतो, परंतु त्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात : नव्या व्हायरसांच्या ओळखखुणांची फाइल, जी सहसा लहान असते आणि दिवसातून अनेकदा येऊ शकते; खुद्द प्रोग्रॅमची नवी आवृत्ती, जी मोठी असते आणि कधीकधी संगणक पुन्हा सुरू करायला लावते; आणि पूर्ण स्कॅन, ज्यात हार्ड डिस्क सर्वाधिक गुंतून पडते. यांपैकी नेमके काय आडवे आले, हे कृपया लिहावे.

सेवा केंद्रचालक, परभणी जिल्हा

जुलैच्या उत्तरार्धात पीक विम्याचे अर्ज भरण्यासाठी आमच्याकडे शटर उघडण्यापूर्वीच ओट्यावर शेतकरी येऊन बसलेले असतात. नेमका त्याच वेळी संगणक रांगायला लागे. सातबाऱ्याची पीडीएफ अपलोड करायला घेतली की पान पांढरे होऊन थांबे, आणि टास्क मॅनेजर उघडून पाहावे तर डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर. स्कॅनची वेळ रात्री दोनची ठरलेली होती, हे त्यामागचे कारण. ज्या कार्यालयांत रात्रभर संगणक चालू असतात तेथे ती वेळ योग्यच आहे, परंतु आम्ही दुकान बंद करताना मेन स्विच पाडूनच घरी जातो. रात्री हुकलेले काम मग सकाळी संगणक सुरू होताच आपोआप हाती घेतले जाई, म्हणजे गर्दीच्या पहिल्या तासात.

आता स्कॅन दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावले आहे आणि “वेळ हुकल्यास लगेच चालवा” या पर्यायाची खूण काढून टाकली आहे. ओळखखुणांचे अपडेट मात्र आपोआपच येऊ देतो. त्याने काम अडल्याचे मला कधी जाणवले नाही. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती रविवारी घेतो, कारण अशा एका आवृत्तीनंतर अंगठ्याच्या यंत्राची सेवा फायरवॉलने अडवली होती आणि आधार पडताळणीच होईना. त्यामुळे आवृत्ती बदलली की आधी स्वतःचा अंगठा लावून पाहतो, मगच सोमवारी गिऱ्हाइकाला बसवतो.

हिशेबनीस, भुसार आडत, लातूर

सोयाबीनची आवक सुरू झाली की आमच्याकडे पट्ट्या आणि पावत्या दिवसभर निघत असतात. टॅलीचा डेटा एका संगणकावर आहे आणि बाकीचे त्याला जोडलेले आहेत, त्यामुळे त्या एका संगणकावर स्कॅन लागले की सगळ्यांचेच हात थांबतात. आम्ही केवळ डेटाचा फोल्डर स्कॅनमधून वगळला आहे. काही जण संपूर्ण डी ड्राइव्हच वगळून मोकळे होतात, ते मला धोक्याचे वाटते, कारण मेलवरून आलेल्या फाइलीही पुष्कळदा तेथेच उतरवलेल्या असतात. जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखांच्या आदल्या दिवसापासून प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्यायची नाही, असा पेढीचा नियम आहे. मालकांना तो पटायला वेळ लागला नाही. विलंब शुल्काचा विषय निघाला की सगळे लवकर पटते.

शिक्षिका, बीड जिल्हा

शाळेची माहिती मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून भरते. विंडोजमध्ये ते कनेक्शन “मीटर्ड”, म्हणजे मोजक्या डेटाचे, म्हणून नोंदवले, तेव्हापासून मोठी डाउनलोड आपोआप सुरू होत नाहीत आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपत नाही. मात्र त्यामुळे विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या ओळखखुणाही मागे पडू शकतात. म्हणून घरी वाय-फायवर आल्यावर विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन अपडेट तपासण्याचे बटण मी स्वतः दाबते.

संगणक प्रयोगशाळा सहायक, नांदेड

आमच्याकडे अपडेट एकच संगणक इंटरनेटवरून उतरवतो आणि बाकीचे ते सामाईक फोल्डरमधून उचलतात. पूर्वी सगळे संगणक एकदम डाउनलोड करू लागत आणि तास संपेपर्यंत विद्यार्थ्यांपुढे एक संकेतस्थळ उघडत नसे. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आधी एकाच संगणकावर घालून एक दिवस पाहतो. ही सावधगिरी काही जणांना अतिरेकी वाटते. तथापि, २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी हे व्हायला नको.

डीटीपी व छपाई, जालना

लग्नसराईत गिऱ्हाईक शेजारी बसून पत्रिकेचा मजकूर दुरुस्त करून घेत असते आणि कोपऱ्यातून सूचनांच्या खिडक्या उघडत राहतात. अँटिव्हायरसचा सूचना दडवणारा सायलेंट मोड चालू केला, प्रश्न मिटला. अपडेट मागे चालूच राहते.

संगणक दुरुस्ती, धाराशिव

वरील सर्वांनी वेळा बदलल्या, अपडेट बंद केले नाही, हे वाचून बरे वाटले. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ संगणकांवर ते कोणीतरी “त्रास होतो” म्हणून कायमचे बंद करून ठेवलेले असते. आपल्या भागात पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून शाळेत, शाळेतून सेवा केंद्रात आणि तेथून घरी असा फिरतो. तो लावला की फोल्डरांच्या जागी सगळे शॉर्टकट दिसतात आणि मूळ फाइली लपवलेल्या असतात. मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती न घेतलेले संगणक त्याच्या तडाख्यात सापडले.

दुसरे असे की, स्कॅनच्या वेळी संगणक मरगळतो त्याचे खापर अँटिव्हायरसवर फोडले जाते, परंतु फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की निम्मी तक्रार तेथेच संपते. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. ते एकमेकांच्या वाटेत येतात. विंडोज १० वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी डिफेंडरच्या ओळखखुणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.

धागाकर्ता

दुरुस्तीवाल्या दादांना एक विचारावेसे वाटते. आवृत्ती बदलत असतानाच वीज गेली, तर काय करावे?

संगणक दुरुस्ती, धाराशिव

यूपीएसची बॅटरी चांगली असेल तर काम पूर्ण होऊ द्यावे, मधेच बटण दाबून बंद करू नये. बॅटरी अगदीच दम टाकणारी असेल, तर वीज कधी जाते याचा अंदाज घेऊन, वीज नुकतीच आलेली असताना अपडेट सुरू करावे. एवढे करूनही अर्धवट राहिलेच, तर आधी इंटरनेट तोडून अँटिव्हायरस काढावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि नव्याने घालावे. मात्र परवान्याची किल्ली कोठे लिहून ठेवली आहे, हे त्यापूर्वी पाहून घ्यावे.