मदत हवी आहे: 'जॅकोबियन'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या जुन्या लाकूडकामावरचा एक लेख मराठीत आणते आहे. फोटोत ओकचं जड टेबल, पायांना मध्येच भोपळ्यासारखा फुगवटा, त्यावर कोरीव पानं. खाली शब्द 'जॅकोबियन'. मी 'जेकबकालीन' लिहिलं. मैत्रिणीने खर्डा वाचून विचारलं, "हा जेकब राजा कधी होऊन गेला?" बरोबरच आहे. या नावाचा राजा इंग्लंडच्या गादीवर बसलेलाच नाही.

हा काळ पहिल्या जेम्सचा, १६०३ ते १६२५. जेम्स आणि जेकब मुळात एकच नाव: हिब्रूतला याकोब लॅटिनमध्ये 'जॅकोबस' झाला, आणि त्याच्याच बदललेल्या रूपातून फ्रेंचमार्गे जेम्स आला. या राजाच्या नाण्यांवरही लॅटिन नावच आहे. आणि इंग्रजी बायबलातलं जेम्सचं पत्र मराठी बायबलात याकोबाचंच आहे की!

चार्ल्सचंही तसंच, लॅटिनमध्ये कॅरोलस. पहिल्या चार्ल्सच्या काळाला (१६२५-४९) 'कॅरोलाइन' म्हणतात. मराठीत हे थेट बाईचं नाव वाटतं. दुसऱ्या चार्ल्ससाठी, म्हणजे ज्याला मुंबई आंदण मिळाली त्याच्यासाठी, बहुधा 'कॅरोलियन' वापरतात.

शिवकालीन, पेशवेकालीन हे आपल्या तोंडात बसलेलं आहे, त्यामुळे 'जेम्सकालीन' करायचा मोह होतो. पण दुसरा जेम्सही होता (१६८५-८८), आणि 'जॅकोबियन' म्हणताना तो सहसा धरत नाहीत. 'जॉर्जियन'मध्ये १७१४ ते १८३० चे पहिले चारच जॉर्ज येतात. 'जॉर्जकालीन' लिहिलं तर आपल्या वाचकाला गेटवे ऑफ इंडियावाला पाचवा जॉर्ज आठवणार. 'एडवर्डियन' म्हणजे फक्त सातवा एडवर्ड, १९०१-१०. उलट 'जॅकोबियन' तसंच ठेवलं, तर पॅरिसच्या क्रांतिकारक जॅकोबिनांशी गल्लत होण्याची भीती. त्यांचं नाव तिथल्या सेंट जॅक रस्त्यावरच्या मठवाल्यांवरून पडलं, या राजाशी त्याचा काही संबंध नाही.

सध्या माझा कल असा: पहिल्यांदा 'पहिल्या जेम्सच्या काळातलं (जॅकोबियन)' लिहावं, पुढे नुसतं 'जॅकोबियन'. पण फोटोखाली जेमतेम तीन-चार शब्दांची जागा आहे, तिथे हे मावत नाही.

इतिहासाची किंवा इंग्रजी साहित्याची पुस्तकं मराठीत आणणाऱ्यांनी काय रूढ केलंय? आणि 'कॅरोलाइन'ला कुणाला काही सुचतंय का? खर्डा रविवारी द्यायचा आहे.