युफ (स्वित्झर्लंड): आसपास झाड नाही, मग सातशे वर्षं चूल कशावर पेटली?

उंबरठा

आल्प्समधल्या उंच वस्त्यांची माहिती जमवतोय. ग्राउब्युंडन प्रांतातल्या आव्हर्स खोऱ्याच्या टोकाला युफ नावाची वाडी आहे. उंची २१२६ मीटर, घरं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी, माणसं तीसच्या आसपास. बारमाही राहतात. तीन शंका आहेत:

१. 'युरोपातलं सर्वांत उंच गाव' हे बिरुद खरं का? इटलीतलं ट्रेपाले आणि फ्रान्समधलं सँ-व्हेराँही तेच म्हणतात.
२. फोटोंत एकही झाड दिसत नाही. एवढ्या थंडीत सरपण कुठलं?
३. मुळात इतक्या वर जाऊन राहायचं कारण काय? खाली जागा नव्हती?

चालत जायची वाट माहीत असेल तर तीही सांगा.

समोच्चरेषा

पहिल्याचं उत्तर: मोजपट्टी कुठे धरता त्यावर आहे. 'युरोप' म्हटलंत आणि कॉकेशस त्यात धरलात तर युफ बादच. दागिस्तानातलं कुरुश सुमारे २५०० मीटरवर आहे. 'आल्प्स' म्हटलंत तर वाद ट्रेपालेशी. तिथली घरं उतारावर विखुरलेली आहेत, त्यातली काही युफच्याही वर आहेत, पण चर्चजवळचा भाग खाली येतो. सँ-व्हेराँ दोन हजारांच्या थोडं वर, पण ते स्वतंत्र ग्रामपंचायत असलेलं पूर्ण गाव. युफला तो दर्जा नाही, ती आव्हर्स ग्रामपंचायतीतली एक वाडी. त्यामुळे 'आल्प्समधली सर्वांत उंच बारमाही सलग वस्ती' एवढंच म्हणावं, म्हणजे भांडण होत नाही.

अंदाजासाठी: कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. युफची अंगणं त्याच्याही ४८० मीटर वर.

थापटी

दुसऱ्या शंकेचं उत्तर आपल्याकडे कुणाला नवं वाटू नये: शेण. पण गाईचं नव्हे, मेंढीचं.

मेंढ्या हिवाळाभर गोठ्यात असतात. लेंड्या आणि खालचा पेंढा-पाचोळा त्यांच्या खुरांखाली तुडवला जाऊन एकजीव, घट्ट थर बसत जातो. गोवरी आपण हाताने थापतो, इथे थापायचं काम मेंढ्याच करतात. वसंतात हा थर फावड्याने विटांसारख्या तुकड्यांत कापायचा, उन्हाच्या बाजूला फटी ठेवून रचायचा आणि वाळला की छपराच्या पुढे आलेल्या भागाखाली ठेवायचा. आव्हर्समधल्या जुन्या फोटोंत घराच्या भिंतीला लागून या विटांची चळत दिसते. अनेक जण ती दगडी भिंतच समजतात.

गाईचं शेण का नाही? ते ओलं असतं, तिथल्या तोकड्या उन्हाळ्यात वाळवणं कठीण, शिवाय ते कुरणाला लागतंच. मेंढीची लेंडी मुळातच कोरडी. बिघडतं कुठे, तर थराच्या तळाशी. तिथे मूत्र मुरलेलं असतं, वीट जड होते आणि अर्धवट वाळलेली वीट चुलीत गेली की नुसता धूर. पेंढा जास्त झाला तर वीट कापतानाच भुगा होतो.

घरही इंधन वाचेल असंच. ऊब एकाच खोलीला, तिला 'श्टुबं' म्हणतात: लाकडाने मढवलेली, ठेंगणी. भट्टी त्या खोलीत, पण तिचं तोंड भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. राख, धूर, वास सगळं तिकडेच.

उंबरठा

पण मेंढीचं शेण जाळलं तर कुरणाला खत कमी पडणार ना? आपल्याकडे शेतकरी मुद्दाम धनगराच्या मेंढ्या शेतात बसवून घेतात.

थापटी

पडणारच. नेमकी हीच ओढाताण. एवढ्या उंचीवर गवताची एकच कापणी मिळते, त्यावर अख्खा हिवाळा काढायचा. म्हणून वाटणी: गाईचं शेण कुरणाला, मेंढीचं चुलीला. पुढे खालून गाडीरस्ता आला, सरपण वर आणणं परवडू लागलं, आणि विटा मागे पडल्या.

एक दुरुस्ती: खोऱ्यात झाडं नाहीतच असं नाही. खोऱ्यातल्याच क्रेस्टा गावाजवळ कापेट्टावाल्ड नावाचं आरोला पाइनचं जुनं रान आहे. युफपर्यंत ते पोचत नाही. उंची हे एक कारण, कुरणासाठी शतकानुशतकं केलेली तोड हे दुसरं.

दगडधोंडे

तिसरी शंका. तिथे गेलेले लोक वाल्सर, म्हणजे वरच्या वाले प्रांतातून निघालेले जर्मनभाषक पशुपालक. तेराव्या शतकात ते ग्राउब्युंडनमध्ये पसरले. युफसाठी साधारणपणे १२९२ हे साल सांगतात. खालच्या दऱ्या आधीच रोमान्श बोलणाऱ्यांनी व्यापलेल्या. सरदारांना वरचे माथे आणि खिंडी वसवून हव्या होत्या, म्हणून त्यांनी वाल्सरांना सवलती दिल्या: व्यक्ती म्हणून स्वातंत्र्य, वंशपरंपरेने कसायची जमीन, स्वतःचा न्यायनिवाडा. बदल्यात ठरलेला सारा आणि लढाईला माणसं. दुसरीकडे कुळ म्हणून राबण्यापेक्षा बर्फात मोकळं राहणं त्यांना परवडलं, असं माझं मत.

आणि जागा वाटते तितकी वाईट नाही. या भागातला खडक बराचसा शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा. तो लवकर झिजतो, माती धरतो, त्यावर गवत दाट येतं. ग्रॅनाइट असता तर नुसते धोंडे दिसले असते. वाडीही दरीच्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर आहे, मिळेल तेवढं ऊन पदरात पडतं. धान्य मात्र पिकत नाही. ते खिंडी ओलांडून इटलीतल्या कियाव्हेन्नाच्या बाजूने यायचं, इकडून जनावरं आणि लोणी-चीज जायचं.

नावात आधीच्या लोकांची खूण उरली आहे. युफ हा शब्द रोमान्शमधला, मूळ लॅटिन 'युगुम': जू, आणि त्यावरून दोन डोंगरांमधली खिंड. आपलं 'जू' संस्कृत 'युग'वरून आलं, म्हणजे दोन्ही शब्द एकाच घराण्यातले.

खाली युप्पाजवळ १६६४ चं पोडेस्टाटेनहाउस जरूर बघा. ग्राउब्युंडनच्या तीन संघांनी १५१२ ते १७९७ इटलीकडच्या व्हाल्तेलिनावर राज्य केलं. तिथे अंमलदार राहून आलेल्या माणसाचा हा वाडा. दोन हजार मीटरवर असा टोलेजंग वाडा म्हणजे फक्त गवतावर जगणाऱ्यांचं खोरं नव्हे.

वाटाड्या

वाट: कूरहून रेल्वेने तुझिस, पुढे पिवळी पोस्टबस, आंदेरला बदलून थेट युफ. बस तिथेच संपते, रस्ताही. फेऱ्या मोजक्या, परतीची शेवटची वेळ आधी बघा.

चालायला सोपी वाट श्टालरबर्ग खिंडीची: युफपासून साधारण ४५० मीटर चढ, माथा सुमारे २५८० मीटर, पलीकडे बिव्हिओ गावाला (१७६९ मीटर) आठशे मीटर उतार. साडेतीन-चार तास धरा. गुडघे दुखणाऱ्यांनी उलटी जाऊ नये असं सांगतात, पण खरा त्रास उतरताना होतो, त्यामुळे त्यांना बिव्हिओहून युफकडे येणंच बरं.

दुसरी फोर्सेलिना खिंडीची (२६७२ मीटर), तिथून सेप्टिमर खिंड. सेप्टिमर म्हणजे त्यांचा नाणेघाट समजा: ऑगस्टसच्या काळातल्या रोमन लष्करी तळाचे अवशेष आणि गोफणीचे शिशाचे गोळे तिथे सापडलेत, आणि १३८७ मध्ये कूरच्या बिशपने तिथे गाडीवाट बांधायचा करार केला होता. ही वाट श्टालरबर्गपेक्षा जास्त राकट.

दोन्हीकडे खुणा पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे डोंगरवाट. घोट्यावर येणारे बूट हवेत. जूनमध्ये जाऊ नका: खिंडीच्या सावलीच्या बाजूला बर्फ असतो, खुणा त्याखाली जातात आणि सकाळी कडक असलेलं बर्फ दुपारी पाय आत घेतं. जुलैचा मध्य ते सप्टेंबर ठीक. वादळं दुपारनंतर येतात, म्हणून माथा बाराच्या आत ओलांडायचा.

समोच्चरेषा

वाटाड्यांच्या सेप्टिमरपासून थोडं पुढे लुंघिन खिंड आहे (२६४५ मीटर). तिथून पाणी तीन वाटांनी जातं: ऱ्हाईनमधून उत्तर समुद्रात, इनमार्गे डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात, आणि माइरामार्गे पो नदीतून एड्रियाटिकमध्ये. युफचा ओढा यातल्या पहिल्या गटातला.

उंबरठा

सँ-व्हेराँचा धागा वेगळा काढतो. बिव्हिओकडून चढायचं नक्की, गुडघ्यांमुळे.