चिठ्ठ्यांचं खोकं

संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणासाठी झटणारे र. धों. कर्वे पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांपुरतेच होते, असं काहीजण म्हणतात. १९२१ मध्ये मुंबईत काढलेल्या संततिनियमन केंद्राबद्दल ते खरं असेलही. (त्या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सुटली ते वेगळंच.) पण १९३४ चा खटला विसरून चालत नाही. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून तो झाला, आणि कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दंड झाला, तरी मासिक १९५३ पर्यंत, कर्वे जाईपर्यंत, निघत राहिलं.

आणि असे प्रश्न शिकलेल्यांनाच पडतात, हे आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात तरी टिकत नाही. किशोरवयीन मुलींची आरोग्याची सत्रं घ्यायचे तेव्हा मी खोक्यात बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायला सांगायचे. एका गावात खोकं रिकामंच. गुरुजी दारात उभे होते ना! ते चहाला गेले आणि भरलं. एका चिठ्ठीत होतं, 'ऊस तोडताना पाळीचा तरास नको म्हणून मायनं पिशवी काढली. मला लग्नाआधी काढता येते का?' अक्षरावरून पोरगी सहावी-सातवीतली असावी. त्या दिवशी ठरवलेले तक्ते मी उघडलेच नाहीत. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्यावर शरीराचं काय होतं, एवढ्यावरच तास गेला.