लकी बांबू : शेंडे मुळं धरतात, कांड्या मात्र सडतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. हॉलमध्ये तीन मजली लकी बांबू आहे, वास्तुशांतीला आलेला, सोनेरी तार आणि लाल रिबीन बांधलेला. वरून इतके फुटवे आलेत की काचेचं भांडं एका बाजूला कलतं. कापून त्याची रोपं करायची आहेत. नणंद मागतेय, खालच्या काकू मागतायत, आणि जाऊबाईंना अक्षय्य तृतीयेला नव्या घरात द्यायचं मनात आहे. नर्सरीतून विकत आणणं सोपं आहे हो, पण घरचं दिल्याची गोष्ट वेगळी.

अडचण अशी. बाजूचे फुटवे कापून पाण्यात ठेवले की छान नारिंगी मुळं सुटतात. पण मधल्या जाड दांड्याचे तुकडे ठेवले की खालून मऊ पडतात, बुळबुळीत होतात आणि पाण्याला वास सुटतो. भांडं स्वच्छ असतं, कात्री पुसून घेते. नळ चार-पाच दिवसांआड येतो, त्यामुळे साठवलेलं पाणीच वापरते, कधी बोअरचं. ग्लास स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत असतो.

पाण्याचा दोष असेल असं मला वाटत नाही, कारण शेंडे त्याच पाण्यात जगतात. मग कांड्यांचंच काय बिनसतं? आणि आता मार्च लागलाय, कापू की पावसाळ्यापर्यंत थांबू? जाणकारांनी सांगावं. नेटवर दालचिनी, मध, ॲस्पिरिन सगळं वाचून झालंय, कृपया ते नको.

प्रतिसाद :
ताई, कांडी उलटी तर बुडत नाही ना? पानं नसली की वरचं टोक कुठलं ते कळतच नाही. आमच्याकडं उसाचं बेणं आडवं टाकतात म्हणून चालतं, हे उभं ठेवायचं तर बघूनच ठेवायला लागतं की ओ. दांड्यावर कडं दिसतं ना, जिथं पूर्वी पान होतं? डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, त्या कड्याच्या लगेच वर असतो. बोट फिरवलं की बारीक फुगवटा लागतो. कापतानाच खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापायची सवय लावा, घोळच होत नाही. टिपरीला, म्हणजे कांडीच्या तुकड्याला, दोन-तीन डोळे ठेवा. एका डोळ्याची कशाला करता, साठवण कमी पडते तिला.

प्रतिसाद :
वरचं बरोबर आहे, पण मला उन्हाचा आणि बुडवण्याचा संशय जास्त आहे.

शेंड्याला पानं असतात, तो स्वतःचं अन्न करतो आणि मुळं लवकर काढतो. उघड्या कांडीला पानंच नाहीत. तिला मुळं आणि कोंब दोन्ही आतल्या साठ्यावर काढायचे असतात, म्हणून वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कुजवणारे जिवाणू तिला गाठतात. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जिवाणूंची वाढ जोरात होते. पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतर ग्लासला हात लावून बघा. म्हणजे तुमचा तर्क अर्धाच बरोबर : पाणी तेच असलं तरी कांडीला ते जास्त काळ सोसावं लागतं.

हे झाड बांबू नाही, ड्रॅसिना आहे (ड्रॅसिना सँडेरियाना). मूळचं मध्य आफ्रिकेतलं, कॅमेरूनकडचं, जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. त्यामुळे भरपूर उजेड पण थेट ऊन नाही, असं ठिकाण शोधा. पूर्वेची खिडकी पडद्याआडून चालेल.

मी कांड्या पाण्यात ठेवतच नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं करून मुठीत घट्ट दाबते. एखाद-दुसरा थेंब पडला तर ठीक, धार लागली तर जास्त ओलं. त्यात कांडी एका डोळ्यापर्यंत खोचायची, वर प्लास्टिकची पिशवी सैल झाकायची. पाण्यातच करायचं असेल तर फक्त इंचभर बुडवा आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. वरच्या कापाला मेणबत्तीचा थेंब द्या, विकतच्या दांड्यांच्या टोकाला असतो तसा. त्याने कापातून ओल उडत नाही. खालचं टोक मात्र उघडं ठेवायचं.

धागाकर्ती :
पूर्वेला देवघर आहे, तिथे जागा करते. डोळा आत्ताच जाऊन बघितला, खरंच कड्याच्या वर आहे! आता दोन गोष्टी. पानांची टोकं तपकिरी होतात, हे साठवलेल्या पाण्यामुळे का? आणि तीन मजल्यांतला खालचा एक दांडा बुडाकडून पिवळा पडलाय, त्याचे तुकडे चालतील का?

प्रतिसाद :
पिवळा झालेला भाग परत हिरवा होत नाही. पिवळ्याच्या वर, टणक आणि हिरव्या भागात कापा. कापल्यावर आत तपकिरी डाग दिसला तर आणखी वर सरका. मऊ लागेल तो कचऱ्यात. आणि तो दांडा आजच भांड्यातून बाहेर काढा, शेजारचे बिघडतील.

टोकांचं म्हणाल तर साठवलेलं पाणी उलट बरं, रात्रभर उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो. बोअरचं बंद करा. बादलीला पांढरा थर चढवणारे क्षार झाडालाही नको असतात. ड्रॅसिनाला फ्लोराइडही सोसत नाही, आणि तो ठेवून किंवा उकळून जात नाही. फिल्टरचं आरओ पाणी घ्या, पावसाळ्यात गच्चीवरचं धरलेलं पाणी सगळ्यात उत्तम. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कापलेली पानं इकडेतिकडे टाकू नका, त्यांना ती बाधतात.

प्रतिसाद :
अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठायचा तर शेंडे याच आठवड्यात काढा. मुळं सुटायला महिना ते दोन महिने धरा. फुटवा दांड्याला चिकटतो तिथूनच काढायचा, खालची पानं सोलायची, वर चार-पाच पानं पुरेत. कांड्यांना मात्र हात लावू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा नुसती कांडी जगवणं म्हणजे हौसेला मोल नाही. मृगाचा पाऊस झाला की हवेत ओल येते, तेव्हा कापा. शेंडे काढलेल्या दांड्यावर कापाखालच्या डोळ्यातून नवे फुटवे येतीलच, म्हणजे जूनमध्ये मालही वाढलेला असेल.

धागाकर्ती :
मग जाऊबाईंना शेंड्यांचीच रोपं, काकूंना जूननंतर. काकू काही घाईत नाहीत, त्यांच्या हातात आधीच मनीप्लँट माजलाय. आरओचं पाणी आजपासून. पिवळा दांडा काढायला तार सोडावी लागेल, पण खाली मुळांचा नुसता गुंता झालाय. ओढून चालेल का?

प्रतिसाद :
ओढू नका. पक्कडने तार कापा, दगडगोट्यांसकट सगळं कोमट पाण्याच्या टोपात अर्धा तास ठेवा, मग खालून बोटांनी सुटतं. काही मुळं तुटली तरी चालतील, काळी पडलेली तर कापूनच टाका. नारिंगी, पांढरी ती चांगली. परत बांधताना तार नको, जाड लोकर सैल बांधा, दांडा फुगला की तार आत रुतते.