मदत हवी आहे: तिघांत मिळून एकच कॉम्प्युटर. मॅक मिनी की असेंबल्ड पीसी? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

घरात एकच कॉम्प्युटर घ्यायचा आहे आणि तो तिघांना पुरायला हवा. लेक आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. धाकट्याची दहावी झाली, त्याला व्हॅलोरंट खेळायचंय आणि वर्षभर त्याने खरंच मान मोडून अभ्यास केलाय, त्यामुळे त्याची मागणी मी बाजूला सारणार नाही. मी घरून काही दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न बघते, म्हणजे टॅली आणि एक्सेल. बजेट ९० हजार, फार तर ९५. मॉनिटर आणि कीबोर्ड घरात आहेत.

मी दुरुस्तीवर एवढी का अडून बसलेय ते आधी सांगते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा घाईत एक पातळ, हलका लॅपटॉप घेतला, ४८ हजारांचा. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तो चालूच होईना. सर्व्हिस सेंटरमध्ये उघडून सांगितलं, चार्जिंगच्या भागात बिघाड आहे, पण अख्खा बोर्डच बदलावा लागेल. प्रोसेसर आणि रॅम त्याच बोर्डावर सोल्डर केलेले, म्हणजे डाग देऊन कायमचे जोडलेले, त्यामुळे खर्च ३४ हजार. नौपाड्यातल्या एका कारागिराने चिप बदलून दिली. तो बिचारा प्रामाणिक होता, पण लॅपटॉप दीड महिना चालला आणि पुन्हा बंद. एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवणारा भाग, तेवढी सुटी निघत होती म्हणून लोकांचे हिशेब वाचले. रिटर्नची तारीख दोन दिवसांवर आली होती. तेव्हा पोटात आलेला गोळा अजून आठवतो.

आणि कळव्याला भाऊजींकडे २०१३ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून जुळवून आणलेला डेस्कटॉप अजून चालतोय. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवतो तो डबा) दोनदा बदलला, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, बोर्डावरचा सीएमओएसचा छोटा सेल बदलला. कधी डिस्प्ले आला नाही की भाऊजी रॅम काढतात, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसतात आणि परत बसवतात. तोच मागून आणला असता, पण त्यातला चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्यांच्या यादीत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसऱ्यांचे हिशेब असलेलं मशीन मला तसं वापरायचं नाही.

आता समोर तीन पर्याय आहेत.

मैत्रीण एम४ मॅक मिनी घे म्हणते, म्हणजे अॅपलचा एम४ चिपचा छोटा डेस्कटॉप. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजची किंमत ५९,९०० होती, विद्यार्थ्यांना ४९,९००. तिच्याकडे पाहिला. तळहाताएवढा, आवाज नाही, वीजही अगदी कमी खातो. एवढ्या पैशांत इतका वेगवान प्रोसेसर दुसरीकडे मिळत नाही, हे मलाही पटलं.

दुसरा असेंबल्ड पीसी: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबी एसएसडी, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड. एका दुकानदाराने ९३ हजार सांगितले. तिसरा त्याच कार्डाचा, पण इंटेलच्या आय५ १२४००एफ प्रोसेसरवर आणि आधीच्या पिढीच्या डीडीआर४ रॅमवर, ८१ हजारांत.

गेमिंग लॅपटॉप नको. पुन्हा सोल्डर केलेल्या बोर्डाच्या नादी मला लागायचं नाही.

प्रश्न असा की मॅकवर आमची तिघांची कामं होतील का? आणि पीसीच घ्यायचा तर ते १२ हजार जास्त मोजण्यात अर्थ आहे का?

सीवूड्सकर
ताई, मी पाच वर्षं मॅकवर काम करतो आणि मला तो मनापासून आवडतो, तरी तुमच्या घरासाठी नको म्हणेन. आर्किटेक्चरच्या सॉफ्टवेअरपैकी ऑटोकॅड आणि स्केचअप मॅकवर उत्तम चालतात, पण रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि लुमियन फक्त विंडोजवर आहेत. मुलीच्या कॉलेजमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला काय वापरतात ते सीनियर्सना विचारा. टॅलीही विंडोजचीच. आधी इंटेलच्या मॅकमध्ये बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं, २०२० पासून अॅपलच्या स्वतःच्या चिप आल्या आणि ती सोय गेली. व्हॅलोरंट तर मॅकसाठी निघालेलंच नाही. त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतं, त्यामुळे आडवाटेनेही चालत नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर मॅक मिनीची रॅम प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच असते, नंतर वाढवता येत नाही. घेतानाच वाढवायची तर २०२४ च्या भावाने १६ ची २४ करायला २० हजार जास्त होते, २५६ चं स्टोरेज ५१२ करायलाही २० हजार. स्टोरेज सुटं निघतं, पण ते त्यांच्याच घडणीचं, बाजारातली नेहमीची एसएसडी त्यात बसत नाही. एकट्या मुलीसाठी असता आणि ती व्हिडिओ एडिटिंग शिकत असती, तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं.

घोडबंदर_३१
१२ हजार जास्त द्या. १२४००एफ चांगला आहे, पण त्याचं एलजीए १७०० सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) चौदाव्या पिढीपाशी संपलं. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० साठी इंटेलने सॉकेट बदललं, म्हणजे पुढे नवा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्डही नवा. ७६०० चं एएम५ सॉकेट २०२२ चं आहे आणि २०२७ व त्यापुढेही चालवू असं एएमडीने जाहीर केलंय. माझाच अनुभव सांगतो. २०१७ ला बी३५० बोर्डावर रायझन ५ १६०० घेतला होता. पाच वर्षांनी बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं आणि त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवला. रॅम तीच, कॅबिनेट तेच.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. नावात एफ असलेल्या इंटेलमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. उद्या कार्ड वॉरंटीत गेलं तर ते परत येईपर्यंत स्क्रीन काळी, आणि तुमची रिटर्नची तारीख काही थांबणार नाही. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आहे. गेम चालणार नाहीत, टॅली आणि एक्सेल आरामात चालतील. दुकानदार स्वस्तातला ७५००एफ पुढे करेल, तो घेऊ नका.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून फार चढलेत. ८ च्या दोन घेण्यापेक्षा सध्या १६ ची एकच स्टिक घ्या. गेममध्ये थोडा फरक पडेल, पण भाव उतरले की तशीच दुसरी लावून ३२ होतील, रेव्हिटला त्या लागतीलच. एसएमपीएसमध्ये मात्र हजार रुपये वाचवायला जाऊ नका, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या, कारण असेंबल्डमध्ये वॉरंटी भागागणिक वेगळी असते.

वाशीची_वर्षा
यूपीएस धरला आहे का? ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅट देतो. गेम चालू असताना लाइट गेली तर नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. पावसाळ्यात आपल्याकडे तो हवाच.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. लेकीने सीनियरला विचारलं, तिसऱ्या सत्रापासून रेव्हिट आहे. म्हणजे मॅकचा प्रश्न मिटला. एफचं तर मला कोणी सांगितलंच नव्हतं, ८१ हजारांचं कोटेशन मी जवळजवळ पक्कं केलं होतं. शनिवारी भाऊजींना घेऊन दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला, म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाते. यूपीएस धरून ९५ च्या वर गेलं तर १ टीबीऐवजी ५०० जीबीची एसएसडी घेईन, ती नंतर वाढवता येते.

एक शेवटचं. आमचं घर तळमजल्यावर आहे, जुलैत भिंतींना ओल येते. कॅबिनेट कुठे ठेवू?

घोडबंदर_३१
टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे. आणि पावसाळ्यात वापर नसला तरी रोज तासभर चालू ठेवा, आतली ओल सुकते.