ब्लूटूथ: विंडोजमध्ये जाऊन आलं की उबुंटूत हेडफोन जोडले जात नाहीत

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही असले, की विंडोजमध्ये पेअर केलेले हेडफोन परत उबुंटूत आल्यावर जोडले जात नाहीत. यावर ड्रायव्हर बदलायचा सल्ला दिला जातो, पण इथे ड्रायव्हरचा काही संबंध नाही. दोन्ही सिस्टिम एकच अडॅप्टर (कॉम्प्युटरमधला ब्लूटूथचा भाग) वापरतात, म्हणजे त्याचा ब्लूटूथ पत्ताही एकच. हेडफोन त्या पत्त्यासाठी एकच किल्ली (ओळख पटवणारा गुप्त कोड) साठवतो. विंडोजमध्ये पेअर केलंत की नवी किल्ली तयार होते आणि उबुंटूकडची बाद होते.

आधी उबुंटूत पेअर करा, मग विंडोजमध्ये. क्रम उलटा नको. परत उबुंटूत येऊन विंडोजचं पार्टिशन फक्त वाचण्यासाठी माउंट करा (म्हणजे उबुंटूत जोडून घ्या), विंडोज/सिस्टम३२/कॉन्फिग मधली 'सिस्टम' फाइल होममध्ये कॉपी करून 'सीएचएनटीपीडब्ल्यू -ई' (chntpw -e, विंडोजची रजिस्ट्री उघडणारी कमांड) ने उघडा. कंट्रोलसेट००१, सर्व्हिसेस, बीटीएचपोर्ट, पॅरामीटर्स, कीज अशा वाटेने अडॅप्टरच्या पत्त्यापर्यंत जा. तिथे हेडफोनच्या पत्त्यावर 'हेक्स' कमांड दिली की १६ बाइटची किल्ली दिसेल.

आता रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून /व्हार/लिब/ब्लूटूथ मध्ये अडॅप्टरच्या आणि त्याच्या आत हेडफोनच्या फोल्डरमधली 'इन्फो' फाइल उघडा. 'लिंककी' खालच्या 'की=' पुढे ती किल्ली सलग ३२ अक्षरांत, मोकळी जागा न सोडता टाका. ब्लूटूथ सर्व्हिस रीस्टार्ट करा, बस्स. यापुढे कुठेही नव्याने पेअर करू नका, नाहीतर सगळं पुन्हा.

माउस-कीबोर्ड लो एनर्जीवाले (ब्लूटूथच्या कमी वीज खाणाऱ्या प्रकारातले) असतील तर प्रकरण जरा किचकट. किल्ल्या एकापेक्षा जास्त असतात, आणि बरेच माउस प्रत्येक पेअरिंगला स्वतःचा पत्ताच बदलतात. मग उबुंटूतल्या फोल्डरचं नावही विंडोजमधल्या पत्त्याप्रमाणे बदलावं लागतं.