स्निकोची रेघ सरळ, तरी यशस्वी बाद : मेलबर्नचा निर्णय पटतो का?

स्क्वेअरलेग (३० डिसेंबर २०२४)

आधी घडलं ते. भारत-ऑस्ट्रेलिया मेलबर्न कसोटीचा शेवटचा दिवस, ३४० चं लक्ष्य कधीच हातचं गेलेलं, आता फक्त सामना वाचवायचा होता. यशस्वी जयस्वाल २०८ चेंडू खेळून ८४ वर. ७१व्या षटकात कमिन्सने लेग साइडला आखूड चेंडू टाकला, यशस्वीने हुक करायला बॅट फिरवली, मागे कॅरीने चेंडू पकडला आणि अपील झालं. जोएल विल्सन यांनी नाबाद दिलं. कमिन्सने रिव्ह्यू घेतला. स्निको (स्टंपच्या माइकला मिळालेला आवाज रेघेवर दाखवणारं तंत्र) लावला, तर चेंडू बॅट आणि ग्लोव्हपाशी असताना रेघ सपाट. एक बारीकसं टोकसुद्धा नाही. तरीही थर्ड अंपायर शर्फुद्दौला यांनी चेंडूची दिशा बदललेली दिसते असं सांगून विल्सन यांना निर्णय फिरवायला लावला. ७ बाद १४०, आणि त्यानंतर १५५ वर खेळ खलास.

माझा आक्षेप निर्णयाच्या पद्धतीला आहे. मैदानावरचा निर्णय नाबाद होता. तो फिरवायचा तर पुरावा ठाम हवा. एक साधन 'लागला' म्हणतं, दुसरं 'लागला नाही' म्हणतं, तेव्हा पुरावा ठाम आहे असं म्हणता येतं का? माझ्या मते नाही. अशा वेळी मूळ निर्णयच कायम राहायला हवा होता.

नाइटवॉचमन

चेंडू लागला होता, आणि चित्रात ते स्वच्छ दिसतं. स्विंग होणारा चेंडू हळूहळू वळतो, त्याचा मार्ग म्हणजे एक लांब वक्ररेषा. लागलेल्या चेंडूच्या मार्गाला एका जागी कोपरा पडतो. इथे कोपरा आहे, आणि तो बरोबर ग्लोव्ह आणि बॅटच्या मुठीजवळ आहे, ना आधी ना नंतर.

दुसरं, स्निको 'लागला नाही' असं कधीच सांगत नाही. 'माइकला आवाज मिळाला नाही' एवढंच सांगतो. या दोन वाक्यांत फार अंतर आहे आणि सगळा वाद त्या अंतरात अडकलाय.

माजी पंच सायमन टॉफेल यांनीही टीव्हीवर हेच सांगितलं : पुराव्यांना उतरंड आहे, बॅटवरून दिशा बदललेली स्पष्ट दिसली तर तोच ठाम पुरावा, पुढे दुसरं काही तपासायची गरज उरत नाही.

गुडलेन्थ

उतरंड आहे ना? मग पर्थ आठवा. याच मालिकेतली पहिली कसोटी, २२ नोव्हेंबर. के. एल. राहुल २६ वर, स्टार्कचा चेंडू, केटलबरो यांनी नाबाद दिलं. रिव्ह्यूत स्निकोला टोक आलं, पण त्याच सुमारास बॅट पॅडलाही घासत होती. थर्ड अंपायर इलिंगवर्थ यांनी दुसरा कोन मागितला, तो मिळाला नाही, आणि तरी बाद दिलं. तिथे चित्र अपुरं होतं म्हणून आवाजावर भिस्त ठेवली. मेलबर्नला आवाज नव्हता म्हणून चित्रावर ठेवली. दोन्हीकडे मैदानावरचा निर्णय नाबाद, दोन्हीकडे तो फिरवला, दोन्हीकडे बळी आपला. रोहित मेलबर्नच्या सामन्यानंतर म्हणाला की तंत्रज्ञानात काही दिसलं नाही, पण नुसत्या डोळ्यांना काहीतरी लागल्यासारखं वाटलं. पुढे हेही म्हणाला की असे निर्णय बहुतेक वेळा आमच्याच विरोधात जातात. ते उगाच नाही.

नाइटवॉचमन

पर्थच्या निर्णयावर तुमच्याशी सहमत. तिथे आणखी एक कसर राहिली. बॅटची कड आणि मग बॅट-पॅड, असे दोन आवाज वेगवेगळे असायला हवे होते. रिप्ले पुढे सरकवून दुसरं टोक येतं का हे बघितलं असतं, तर पहिलं टोक कडेचंच आहे असं छातीठोक सांगता आलं असतं. ते न करता निर्णय दिला. घाई झाली. पण पर्थची कसर मेलबर्नला भरून काढायची नसते. हा चेंडू या चेंडूच्या पुराव्यावरच ठरणार.

डेसिबल

आवाजाबद्दल इथे बरेच गैरसमज दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्निको जो माइक ऐकतो तो फलंदाजाकडच्या स्टंपच्या बुंध्याशी असतो. चेंडू कमरेखाली असेल आणि बॅटच्या कडेला लागला असेल तर काम सोपं. लाकडावर कातडी चेंडू आदळला की 'टक' असा कोरडा, टोकदार आवाज होतो, आणि रेघेवर उंच, अरुंद काटा उभा राहतो. बॅट पॅडला लागली तर फुगीर, पसरट ढेकूळ दिसतं. बॅट जमिनीला घासली तर त्याहून वेगळं. सरावलेला ऑपरेटर आकारावरून सांगतो काय कशाला लागलं ते.

आता हुक घ्या. चेंडू डोक्याच्या उंचीवर, फलंदाज क्रीजच्या आसपास, म्हणजे ग्लोव्हपासून माइकपर्यंत अंदाजे दोन मीटर. ग्लोव्हच्या बोटांवर बाहेर चामडं आणि आत फोम, दोन्ही आवाज शोषणारे. चेंडू थेट आदळला तर धप्प होतं, पण नुसता निसटता घासून गेला तर जवळजवळ काहीच नाही. वर प्रेक्षक. मेलबर्नला त्या दिवशी ७४,३६२ लोक होते, आणि आखूड चेंडूवर बॅट फिरली की अपीलच्या आधीच गलका होतो. गलक्याने रेघ सतत थरथरत असते आणि बारीक काटा त्या थरथरीत बुडून जातो.

स्निको चालवणाऱ्या कंपनीचे वॉरन ब्रेनन यांनी नंतर हेच सांगितलं, की हा निसटता स्पर्श होता, त्यात आवाजच नव्हता, ध्वनी सांभाळणाऱ्यालाही काही ऐकू आलं नाही, आणि कदाचित हॉटस्पॉट (उष्णता टिपणारा कॅमेरा) असता तर कळलं असतं. म्हणजे यंत्राचा मालकच म्हणतोय की अशा स्पर्शात माझ्या यंत्राच्या गप्प राहण्याला अर्थ नाही.

स्क्वेअरलेग

डेसिबल, फार नेमकं लिहिलंत. पण तुमच्या माहितीतूनच माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. ग्लोव्हच्या निसटत्या स्पर्शात स्निको गप्प राहू शकतो हे माहीत आहे, तर थर्ड अंपायरने तो लावलाच का? टॉफेल म्हणतात चित्र स्पष्ट असेल तर पुढे जायची गरज नाही. मग पुढे का गेले? पुढे गेले याचा अर्थ चित्राने त्यांची पूर्ण खात्री झाली नव्हती. खात्री करायला दुसऱ्या साक्षीदाराला बोलावलं, त्याने साथ दिली नाही, तेव्हा पहिल्यावरच भरवसा टाकला. साक्षीदार काही बोलला तर घ्यायचं, गप्प राहिला तर सोडून द्यायचं, असं असेल तर त्याला बोलवण्यात काय हशील?

बारावा गडी

आपले शेवटचे ७ गडी ३४ धावांत गेले. पंतचा तो फटका कुणी थर्ड अंपायरने मारायला लावला नव्हता. निम्मी चर्चा त्यावर व्हावी.

गुडलेन्थ

त्यावर वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन. १२१ वर पंत गेला तिथून घसरण सुरू झाली, मान्य. पण यशस्वी बाद झाला तेव्हा २१ षटकं उरली होती आणि तो एकटा खांब रोवून उभा होता. सुंदर त्याच्या जोडीला होता. त्या २१ षटकांचं काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि म्हणूनच हा निर्णय चिरफाड करण्याजोगा आहे.

कव्हर_पॉइंट

सुनील गावसकर यांचा मुद्दा अजून कुणी घेतला नाही. कॉमेंट्रीत ते म्हणाले की हा दृष्टिभ्रम आहे, तंत्रज्ञान वापरताय तर त्याचं ऐका. दृष्टिभ्रम कसा होतो ते बघा. समोरचा कॅमेरा साइटस्क्रीनच्या वर, लांबून झूम केलेला असतो. लांबच्या झूममध्ये खोली चेपली जाते. ग्लोव्हच्या पुढून गेलेला चेंडू आणि ग्लोव्हला लागून गेलेला चेंडू चित्रात एकाच जागी दिसतात. त्यात चेंडू फलंदाजाला पार करून गेल्यावर हवेत डगमगतो. इंग्लंडमध्ये तर हे कीपरना रोजचं आहे, शेवटच्या क्षणी हात बदलावे लागतात. झूममध्ये चेपलेली ती डगमग ग्लोव्हपाशी झालेल्या कोपऱ्यासारखी दिसू शकते.

शिवाय वेगाचा हिशेब करा. ताशी १३५ किलोमीटरचा चेंडू सेकंदाला ३७.५ मीटर जातो. सेकंदाला ५० फ्रेमच्या साध्या रिप्लेत दोन फ्रेमांमध्ये चेंडू ७५ सेंटिमीटर पुढे सरकतो! त्या ७५ सेंटिमीटरमध्ये कोपरा नेमका कुठे पडला हे साध्या रिप्लेतून कुणी सांगूच शकत नाही.

नाइटवॉचमन

साध्या रिप्लेबद्दल बरोबर. पण संथ गतीचे कॅमेरे सेकंदाला ३०० च्या घरात फ्रेम घेतात. तुमच्याच हिशेबाने एका फ्रेमला साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एका ग्लोव्हची रुंदी. तेवढ्यात कोपऱ्याची जागा पकडता येते. डगमग तर चेंडू फलंदाजाला ओलांडून बरंच पुढे गेल्यावर सुरू होते, इथे बदल ग्लोव्हच्या पातळीवरच आहे. आणि समोरून व मागून, दोन्ही कॅमेऱ्यांत तो दिसतो. चेपलेल्या खोलीचा भ्रम एका दिशेने होईल, दोन विरुद्ध दिशांनी एकाच जागी कसा होईल?

कव्हर_पॉइंट

दोन विरुद्ध दिशांचा मुद्दा तगडा आहे. त्याला माझ्याकडे तितकंच तगडं उत्तर नाही. बाजूच्या कॅमेऱ्यातून संथ गतीत बघायला मिळालं असतं तर वाद मिटला असता.

गुडलेन्थ

'संशयाचा फायदा फलंदाजाला' हे तत्त्व तरी पाळा.

डेसिबल

गुडलेन्थ, हा शब्दप्रयोग क्रिकेटच्या कायद्यांत नाही. ती पंचांची जुनी रीत आहे. रिव्ह्यूमध्ये निकष वेगळा आहे. थर्ड अंपायरला खूप मोठ्या प्रमाणात खात्री वाटली तरच निर्णय फिरवायचा, नाहीतर मैदानावरचा निर्णय कायम. म्हणजे विल्सन यांनी आधी बाद दिलं असतं, तर याच चित्रावर आणि याच सपाट रेघेवर यशस्वी बादच राहिला असता, आणि तेव्हा फायदा फलंदाजाला मिळाला नसता. झुकतं माप मूळ निर्णयाला आहे, फलंदाजाला नाही.

हॉटस्पॉटबद्दलही लिहितो, कारण सगळे तो परत आणा म्हणतायत. तो उष्णतेवर चालतो. चेंडू घासला की त्या जागी क्षणभर तापमान वाढतं आणि काळ्या चित्रात पांढरा ठिपका दिसतो. ग्लोव्हच्या स्पर्शाला हे आवाजापेक्षा नक्कीच बरं. पण २०१३च्या अ‍ॅशेसमध्ये याच हॉटस्पॉटला बारीक कडा पकडता येईनात, म्हणून केवढा गदारोळ झाला होता. बॅटच्या कडेवरच्या टेपमुळे ठिपका पुसट होतो असं तेव्हा सांगितलं गेलं. शिवाय बॅट जोरात फिरत असली की चित्र फरकटतं, आणि हुकमध्ये बॅट जोरातच फिरते. त्यामुळे 'कदाचित' हा ब्रेनन यांचा शब्द फार जपून वापरलेला आहे.

स्क्वेअरलेग (डिसेंबर २०२५)

वर्षभराने धागा वर काढतोय, कारण अ‍ॅडलेड. अ‍ॅशेसची तिसरी कसोटी, १७ डिसेंबर. कॅरी ७२ वर असताना जॉश टंगच्या चेंडूवर झेलाचं अपील झालं, मैदानावर नाबाद, इंग्लंडने रिव्ह्यू घेतला. स्निकोवर ठसठशीत काटा आला, पण चेंडू बॅटपाशी पोचण्याच्या काही फ्रेम आधी. काटा चेंडूशी जुळत नाही म्हणून नाबाद कायम. कॅरीने पुढे शतक केलं आणि दिवस संपल्यावर सांगून टाकलं की मला बारीकशी कड लागल्यासारखं वाटलं. मग स्निकोच्या कंपनीने कबुली दिली की ऑपरेटरने चुकीचा स्टंप माइक निवडला असावा. इंग्लंडचा रिव्ह्यू त्यांना परत मिळाला, बळी मात्र मिळाला नाही.

मेलबर्नच्या वेळी मी म्हटलं होतं की स्निको सपाट आहे तर नाबाद द्या. आज ते तसंच्या तसं म्हणणार नाही. ज्या रेघेच्या मागे कुठला माइक जोडलाय हेच थर्ड अंपायरला दिसत नाही, तिच्या सपाटपणाला मी तेव्हा जास्त वजन दिलं. पण माझी मूळ तक्रार यातून पक्कीच होते. दोन्ही टोकांच्या माइकच्या रेघा थर्ड अंपायरच्या पडद्यावर एकाखाली एक, नाव लिहून दाखवा. अ‍ॅडलेडची चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. आणि टॉफेल म्हणतात ती पुराव्यांची उतरंड प्रेक्षकांसमोर मांडा, म्हणजे पर्थ आणि मेलबर्न एकाच मापाने मोजता येतील.

नाइटवॉचमन

उतरंड जाहीर करा, याला माझा पूर्ण पाठिंबा. दोन रेघांनाही. फक्त एवढं ध्यानात घ्या, की मेलबर्नला दोन्ही माइक दाखवले असते तरी दोन्ही रेघा सपाटच आल्या असत्या. तिथे काम पडलं असतं ते बाजूच्या संथ कॅमेऱ्याचं. दोन्ही टोकांना, क्रीजच्या रेषेत, डोक्याच्या उंचीचा चेंडू चौकटीत मावेल असा लावलेला. आजचे बाजूचे कॅमेरे धावबाद आणि यष्टिचीतसाठी लावतात, त्यामुळे त्यांचा रोख क्रीजवर, खाली असतो.

कव्हर_पॉइंट

आणि तो कॅमेरा थर्ड अंपायरला मागायला लागू नये. पर्थला मागितलेला कोन मिळाला नव्हता. रिव्ह्यू सुरू झाल्याबरोबर तो कोन पडद्यावर असायलाच हवा. नसेल, तर 'कोन उपलब्ध नाही' हे तिथेच जाहीर करून मूळ निर्णय कायम ठेवा.